पेशीच्या पृष्ठभागावरून गेलेलं प्रथिन शोधायचं कसं: एचआयव्हीचं नेफ, सीडी४ आणि एमएचसी-१

फ्लो सायटोमीटरवर (चमकती अँटिबॉडी लावलेल्या एकेका पेशीचा प्रकाश मोजणारं यंत्र) एमएचसी-१ चा (पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, टी पेशींना दाखवणारं पृष्ठभागावरचं प्रथिन) सिग्नल पडला की ‘विषाणूने एमएचसी-१ खाली आणलं’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण पृष्ठभागावर प्रथिन कमी दिसण्याची कारणं अनेक. ते मुळात कमी तयार होत असेल. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (पुढे नुसतं ईआर) अडकलं असेल. गॉल्जीपर्यंत येऊन भलतीकडे वळवलं गेलं असेल. किंवा पृष्ठभागावर पोहोचून लगेच आत ओढलं जात असेल. विषाणूंनी या सगळ्या जागा वापरल्या आहेत. सायटोमेगॅलोव्हायरसची यूएस२ आणि यूएस११ ही प्रथिनं एमएचसी-१ ची जड साखळी (त्याचा मोठा घटक) ईआरमधून परत पेशीद्रवात खेचून प्रोटिअसोमच्या (प्रथिनं तोडणारी पेशीतली यंत्रणा) हवाली करतात, तर त्याच विषाणूचं यूएस३ तिला ईआरमध्येच धरून ठेवतं. ॲडिनोव्हायरसचं ई३-१९के हेच करतं. हर्पिस सिम्प्लेक्सचं आयसीपी४७ ईआरमध्ये पेप्टाइड आणणारी टॅप वाहिनी बंद करतं, मग पेप्टाइडच न मिळाल्याने एमएचसी-१ पुढे सरकत नाही. कापोसी सार्कोमाच्या हर्पिसविषाणूची के३ आणि के५ प्रथिनं एमएचसी-१ च्या शेपटीला (पेशीद्रवात लोंबणारं टोक) युबिक्विटिन जोडून तिला पृष्ठभागावरून लायसोसोमकडे पाठवतात.

सायटोमीटरच्या पहिल्या चित्रात हे सगळं जवळपास सारखंच दिसतं. म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या: पृष्ठभागावर किती, पेशीत एकूण किती, आत जाण्याचा आणि वर येण्याचा वेग किती, आणि आतलं प्रथिन नेमकं कुठे आहे.

इथे उदाहरण एचआयव्हीच्या नेफ प्रथिनाचं घेतलं आहे, कारण एकच छोटं प्रथिन (सुमारे २७ किलोडाल्टन) दोन रेणूंना दोन वेगळ्या वाटांनी हलवतं. सीडी४ ला (टी पेशीवरचं प्रथिन, ज्याला धरून एचआयव्ही आत शिरतो) ते एपी-२ आणि क्लॅथ्रिनच्या (पटलाच्या पुड्या बांधून माल हलवणारी पेशीचीच प्रथिनं) मदतीने पेशीपटलावरून उचलतं आणि लायसोसोमपर्यंत नेऊन नष्ट करवतं. एचएलए-ए आणि एचएलए-बी (माणसातल्या एमएचसी-१ चे प्रकार) यांच्या शेपटीतल्या टायरोसिनला धरून एपी-१ शी (एपी-२ चा गॉल्जीकडचा भाऊबंद) जोडी जमवतं आणि त्यांना ट्रान्स-गॉल्जी जाळ्याच्या परिसरात वळवतं. एचएलए-सीच्या शेपटीत त्या जागी टायरोसिन नाही, म्हणून नेफ तिला हात लावत नाही. हा भेद प्रयोगात फुकटचा कंट्रोल म्हणून कामाला येतो.

जिवंत विषाणू लागत नाही, आणि या प्रश्नासाठी तो घेऊही नये. संसर्ग झालेल्या पेशीत एचआयव्हीचंच व्हीपीयू प्रथिन सीडी४ ला ईआरमध्येच गाठून प्रोटिअसोमकडे धाडतं, एन्व्हलप प्रथिनही सीडी४ ला ईआरमध्ये अडकवतं. या गर्दीत नेफचा वाटा वेगळा काढणं अवघड. नुसतं नेफचं प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) घेतलं की चित्र स्वच्छ राहतं. काम जैवसुरक्षा पातळी २ वर करा. पुनर्संयोजित डीएनए असल्याने भारतात संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे नोंद आधी करायची.

पेशी आणि प्लास्मिड

साध्या हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवली जाणारी मानवी पेशींची जात) सीडी४ नसतं. सीडी४ बसवलेल्या हेला घ्या. टीझेडएम-बीएल ही त्यांतलीच एक सहज मिळणारी जात. चिकटून वाढत असल्याने त्यांच्यावर सूक्ष्मदर्शकाचं कामही होतं. निष्कर्ष टी पेशींबद्दल काढायचा असेल तर मुख्य मोजमापं नंतर जर्कटमध्ये (टी पेशींची जात) पुन्हा करावी लागतात. एमएचसी-१ च्या बाबतीत हेला आणि टी पेशी सारख्या वागत नाहीत, त्याबद्दल पुढे.

अँटिबॉडी मागवण्याआधी पेशीचा एचएलए प्रकार तपासा. बीबी७.२ ही अँटिबॉडी एचएलए-ए२ ओळखते. हेला आणि जर्कट दोन्ही ए२ नाहीत. तिथे बीबी७.२ वापरून ‘एमएचसी-१ दिसतच नाही’ म्हणत बसण्यात अर्थ नाही. ए२ बसवलेली जात घ्या, नाहीतर डब्ल्यू६/३२ वापरा. डब्ल्यू६/३२ एचएलए-ए, बी, सी सगळ्यांना धरते, म्हणून नेफ कितीही असलं तरी तिचा सिग्नल शून्यावर येणार नाही. उरलेल्यात एचएलए-सी असते.

प्लास्मिडमध्ये नेफच्या मागे आयआरईएस (त्याच आरएनएवरून दुसरं प्रथिनही बनू देणारा क्रम) आणि मग जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन), ही रचना सगळ्यांत सोयीची. नेफला थेट जीएफपी जोडायचं तर शेवटच्या टोकाला, सुरुवातीला कधीच नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या ग्लायसिनवर मिरिस्टिक आम्ल बसतं तेव्हाच नेफ पटलाला चिकटतं. सुरुवातीला टॅग लावला की ते बसत नाही, आणि नेफ पेशीद्रवात नुसतं तरंगत राहतं.

पाच प्लास्मिड लागतात. नुसतं जीएफपी, एनएल४-३ चं (एचआयव्हीची प्रयोगशाळेतली जात) मूळ नेफ, आणि त्याचे तीन म्युटंट: जी२ए (मिरिस्टिक आम्ल नाही, म्हणून सीडी४ आणि एमएचसी-१ दोन्ही जागच्या जागी), एलएल१६४/१६५एए (एपी-२ शी जोडणी तुटते, सीडी४ वाचतं, एमएचसी-१ तरी उतरतं), आणि एम२०ए (एमएचसी-१ वाचतं, सीडी४ उतरतं). शेवटचे दोन परस्परांचे आरसे आहेत, आणि प्रयोगावर विश्वास ठेवायचा तो यांच्या जोरावर. दोन्ही म्युटंट दोन्ही रेणू उतरवू लागले तर प्लास्मिडची अदलाबदल झाली आहे किंवा पेशी मरायला टेकल्या आहेत. दोन्ही काहीच करेनात तर आधी वेस्टर्न ब्लॉटवर नेफ तयार होतंय का ते पाहा. म्युटंटची तुलना समान प्रमाणावरच होते, त्यामुळे तो ब्लॉट तसाही करायचाच आहे.

ट्रान्सफेक्शन

सहा खणांच्या प्लेटमध्ये आदल्या दिवशी प्रत्येक खणात ३ लाख पेशी पेरा. दुसऱ्या दिवशी त्या ६०–७० टक्के भरलेल्या असाव्यात. दर खणाला २ मायक्रोग्रॅम प्लास्मिड, सिरम नसलेल्या २०० मायक्रोलिटर माध्यमात. पीईआय (डीएनए पेशीत नेणारं पॉलिमर) वापरत असाल तर ६ मायक्रोग्रॅम. १५ मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवून थेंब-थेंब घाला, ५–६ तासांनी माध्यम बदला, २४ तासांनी पेशी काढा. २०–४० टक्के पेशी हिरव्या झाल्या तरी पुरे. उलट ९० टक्के झाल्या तर त्याच नळीतल्या न-हिरव्या पेशी तुलनेला उरत नाहीत. ४८ तास थांबू नये. दुसऱ्या दिवसानंतर मेलेल्या पेशी वाढतात आणि त्या अँटिबॉडी वाट्टेल तशी चिकटवून घेतात.

पेशी उचलायला ट्रिप्सिन नको, ते पृष्ठभागावरची प्रथिनं कातरतं. पीबीएसमध्ये २ मिलिमोलर ईडीटीए घालून ३७ अंशांवर ५–१० मिनिटं ठेवा आणि पिपेटने हलक्या हाताने सोडवा.

पृष्ठभागाचं मोजमाप

दर नळीत ५ लाख पेशी. पीबीएस आणि २ टक्के सिरमच्या थंडगार द्रावणात धुवा, ३०० जीवर ५ मिनिटं फिरवा. अँटिबॉडी १०० मायक्रोलिटरमध्ये, बर्फावर, अंधारात, ३० मिनिटं. तिचं प्रमाण डबीवर लिहिलेलं न घेता एकदा स्वतः टायट्रेट करून ठरवा. कमी पडली तर जास्त सीडी४ असलेल्या पेशींचा सिग्नल वरच्या टोकाला दबतो आणि नेफचा परिणाम प्रत्यक्षाहून लहान भासतो. दोनदा धुऊन मेलेल्या पेशींचा रंग घाला आणि तासाभरात वाचा.

रंगाची निवड इथे फार महत्त्वाची आहे. जीएफपीचा प्रकाश पीईच्या (अँटिबॉडीला लावायचा एक चमकता रंग) वाहिनीत सांडतो. सर्वांत हिरव्या पेशींत, म्हणजे जिथे नेफ सर्वाधिक तिथेच, पीईचा खोटा सिग्नल चढतो आणि उतरलेलं एमएचसी-१ झाकून टाकतो. कॉम्पेन्सेशन (सांडलेल्या प्रकाशाची गणिती वजाबाकी) करून भागतं, पण पूर्ण नाही. सरळ एपीसी हा रंग घ्या, त्याचा लेसरच वेगळा. तरीही प्रत्येक प्लास्मिडची एक नळी एपीसीशिवाय ठेवा.

गेट लावताना, म्हणजे मोजायच्या पेशी निवडताना, आधी आकार, मग जोडपेशी वगळणं, मग जिवंत पेशी. त्यानंतर हिरव्या पेशींचे एकदम एक नव्हे, तीन गट करा: थोड्या, मध्यम, खूप. सीडी४ उतरवायला थोडं नेफ पुरतं, एमएचसी-१ ला जास्त लागतं. सगळ्या हिरव्या पेशी एकत्र मोजल्या तर एमएचसी-१ वरचा परिणाम सरासरीत विरून जातो, आणि बऱ्याच ‘नकारात्मक’ निकालांमागे एवढंच कारण असतं.

आकडा काढताना मध्यक घ्या. समजा आयसोटाइपची (काहीच न ओळखणाऱ्या अँटिबॉडीची) पार्श्वभूमी ३००, नेफच्या नळीत न-हिरव्या पेशींचा मध्यक १२,०००, खूप हिरव्यांचा १,८००. उरलेला अंश (१,८०० − ३००) ÷ (१२,००० − ३००) = ०.१२८. नुसत्या जीएफपीच्या नळीत तोच हिशेब (११,६०० − ३००) ÷ (१२,००० − ३००) = ०.९६६ आला. ०.१२८ ला ०.९६६ ने भागा: ०.१३. म्हणजे ८७ टक्के उतरलं. जीएफपीच्या नळीतच अंश ०.७–०.८ येऊ लागला तर प्लास्मिडचं प्रमाण जास्त आहे, ते निम्मं करा.

डीटी९ अँटिबॉडीने (एचएलए-सी आणि ई धरणारी) एक नळी रंगवा. सिग्नल मुळातच क्षीण असतो, पण नेफच्या पेशींत तो जागेवर राहिला पाहिजे. तोही पडला तर नेफची निवडक करामत दिसत नसून सगळ्या पेशीचाच कारभार ढासळला आहे.

एकूण किती उरलं

त्याच पेशींचा दुसरा भाग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं स्थिर करा, मग ०.१ टक्का सॅपोनिनने पटलं सच्छिद्र करून रंगवा. सॅपोनिनची छिद्रं ते काढलं की मिटतात. म्हणून अँटिबॉडीच्या आणि धुण्याच्या प्रत्येक द्रावणात सॅपोनिन हवंच. मिथेनॉल वापरू नये. जीएफपी विझतं, आणि डब्ल्यू६/३२ ला घडी घातलेलं एमएचसी-१ लागतं, ते उलगडलं की ती त्याला ओळखत नाही. वेस्टर्न ब्लॉटवर डब्ल्यू६/३२ चालत नाही तेही याचमुळे. तिथे एचसी१० ही अँटिबॉडी घ्या. मात्र एचसी१० सगळ्या एचएलए-ए प्रकारांना सारखी धरत नाही, हे लक्षात असू द्या.

सीडी४ चं एकूण प्रमाण नेफमुळे घटतं. घट लायसोसोममध्ये होते हे दाखवायला काढणीच्या आधी ६ तास बॅफिलोमायसिन ए१ (लायसोसोमचं काम थांबवणारं औषध, १०० नॅनोमोलर) द्या. एकूण सीडी४ परत वाढेल, पृष्ठभागावरचं मात्र वाढणार नाही. उचलणं आणि नष्ट करणं या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. बॅफिलोमायसिन रात्रभर ठेवू नये, पेशी मरतात. हेलामध्ये एमएचसी-१ चं एकूण प्रमाण फारसं हलत नाही, पत्ता तेवढा बदलतो. टी पेशींत मात्र त्यातला बराच भाग लायसोसोमलाही जातो.

आत जाण्याचा वेग

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त प्रयोग बिघडतात, आणि पहिला गुन्हेगार सोडियम अझाइड. पृष्ठभाग रंगवायच्या तयार बफरमध्ये ते ०.१ टक्का घातलेलं असतं. ते पेशीची ऊर्जा तोडतं, ऊर्जा नाही तर एंडोसायटोसिस (पटलावरून आत ओढणं) नाही. या प्रयोगाचा बफर अझाइडविना वेगळा बनवा. शिवाय आम्लाशी अझाइडची गाठ पडली की विषारी हायड्रॅझोइक आम्ल निघतं, आणि पुढे आपल्याला आम्ल लागणार आहे.

पद्धत अशी. पेशींवर बर्फात ३० मिनिटं बिनरंगी सीडी४ अँटिबॉडी लावा, दोनदा धुवा. दर नळीत १०० मायक्रोलिटर राहू द्या. बर्फातली नळी पाणीतापकात ठेवल्यावर तापायलाच दोन-तीन मिनिटं खाते, आणि महत्त्वाचा फरक नेमका तेव्हाच घडत असतो. म्हणून तिच्यात आधीच ३७ अंशांवर तापवलेलं ४०० मायक्रोलिटर माध्यम ओता आणि घड्याळ सुरू करा. ०, २.५, ५, १०, २० आणि ३० मिनिटांना ३ मिलिलिटर बर्फगार पीबीएस ओतून थांबवा. शेवटी सगळ्या नळ्यांना एकदम एपीसी लावलेली दुय्यम अँटिबॉडी, बर्फावर. ती फक्त बाहेर उरलेल्याला रंगवते. आत गेलेला टक्का = १०० × (१ − त्या वेळचा सिग्नल ÷ शून्य मिनिटाचा सिग्नल).

दोन कंट्रोल टाळू नका. एक नळी पूर्ण वेळ बर्फावर. दुसरी आधीच स्थिर केलेल्या पेशींची, ३७ अंशांवर: तिथे सिग्नल कमी झाला तर अँटिबॉडी आत जात नाही, नुसती सुटून पडते आहे. तेवढी गळती सगळ्या आकड्यांतून वजा करा. आणखी एक अडचण: पूर्ण अँटिबॉडीला दोन हात असतात, ती दोन रेणू एकत्र बांधते आणि त्या बांधणीनेच ते आत ओढले जातात. नेफ नसलेल्या पेशींतही वेग संशयास्पद वाटला तर एकच हात असलेल्या फॅब तुकड्यांवर या.

वर येण्याचा वेग

एमएचसी-१ साठी नुसतं आत जाणं मोजून भागत नाही. टी पेशींत नेफ मुख्यतः नव्या एमएचसी-१ ला गॉल्जीपासून वर येऊ देत नाही. आत ओढण्याचा वाटा लहान. ‘आत जाण्याचा वेग वाढलेला नाही, म्हणजे नेफचा परिणाम नाही’ हा निष्कर्ष इथे सपशेल चुकतो.

नवी आवक मोजायची एक जुनी आणि सुंदर युक्ती आहे. सौम्य आम्लाने पृष्ठभागावरच्या एमएचसी-१ मधून पेप्टाइड आणि बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिन (जड साखळीचा छोटा जोडीदार) सुटतं, आणि डब्ल्यू६/३२ ला ते रेणू दिसेनासे होतात. पाटी कोरी झाली की जे पुन्हा दिसू लागेल ते नव्याने वर आलेलं. सायट्रिक आम्ल ०.१३१ मोलर, डायसोडियम फॉस्फेट ०.०६६ मोलर, पीएच ३.० ते ३.३, त्यात १ टक्का बीएसए. पेशींचा गोळा या द्रावणात २ मिनिटं हलवा आणि लगेच भरपूर माध्यम ओतून उदासीन करा. दोनाची चार मिनिटं झाली तर पेशी जातात. मग ३७ अंशांवर ०, १, २ आणि ४ तासांनी डब्ल्यू६/३२.

उदासीन केल्यानंतरचं माध्यम सिरमविना, बीएसए घातलेलं असावं. गोवंशीय सिरमातलं बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिन मोकळ्या जड साखळ्यांवर जाऊन बसतं, डब्ल्यू६/३२ त्यांना पुन्हा धरते, आणि जुनाच माल नवा म्हणून मोजला जातो. ब्रेफेल्डिन ए (ईआरमधून पुढची वाहतूक थांबवणारं औषध, ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर) दिलेली समांतर नळी ठेवा. तिथे नवं काही वर येऊ शकत नाही, तिथला आकडा म्हणजे तुमची तळरेषा.

अडलं ते ईआरमध्ये की पुढे

याचं उत्तर एंडो एच हे शर्करा कापणारं विकर देतं. एमएचसी-१ च्या मानवी जड साखळीवर ८६ व्या ॲस्परॅजिनवर एकच शर्करा-साखळी असते. ईआरमध्ये असेपर्यंत एंडो एच ती कापतं. मधल्या गॉल्जीतून पुढे गेली की कापू शकत नाही. ई३-१९के किंवा यूएस३ असलेल्या पेशींत कापला जाणारा भाग साचतो. नेफच्या पेशींत जवळपास सगळं कापलं न जाणारं, म्हणजे माल गॉल्जी ओलांडून आलेला आहे, अडला तो त्यानंतर.

नमुना ०.५ टक्का एसडीएस आणि ४० मिलिमोलर डीटीटीमध्ये १०० अंशांवर १० मिनिटं, मग तीन भाग: काहीच नाही, एंडो एच, पीएनगेज एफ (ईआरमधली आणि पुढची, दोन्ही शर्करा-साखळ्या कापणारं विकर). ३७ अंशांवर १ तास. पीएनगेज एफला एसडीएस मारतं, त्यामुळे त्या भागात १ टक्का एनपी-४० घालायलाच हवं. ते विसरलं की ‘पीएनगेजही कापत नाही’ असा अशक्य निकाल हाती येतो. एकच शर्करा-साखळी असल्याने पट्टा जेमतेम २–३ किलोडाल्टनने सरकतो. १२ टक्के जेल, आणि ते पुरतं लांबवर चालवा.

पत्ता

शेवटी सूक्ष्मदर्शक. ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपवर पेशी वाढवा आणि आधीसारख्याच स्थिर करून सॅपोनिनने रंगवा. जागा ओळखायच्या खुणा अशा: ईआरसाठी कॅलनेक्सिन, ट्रान्स-गॉल्जीसाठी टीजीएन४६, सुरुवातीच्या एंडोसोमसाठी ईईए१, लायसोसोमसाठी लॅम्प१. डब्ल्यू६/३२ उंदराची, लॅम्प१ ची एच४ए३ हीही उंदराची. साधी उंदीरविरोधी दुय्यम अँटिबॉडी दोघींना धरेल आणि सगळं एकाच जागी असल्याचं सुरेख पण खोटं चित्र मिळेल. डब्ल्यू६/३२ आयजीजी२ए आहे, एच४ए३ आयजीजी१. उपप्रकार ओळखणाऱ्या दुय्यम अँटिबॉडी घ्या. सीडी४ चं लायसोसोममधलं रूप बॅफिलोमायसिनशिवाय दिसत नाही, ते पोहोचतं आणि संपतं. एकमेकांवर पडणाऱ्या ठिपक्यांचा सहसंबंध काढताना फक्त मध्यम हिरव्या पेशी निवडा. खूप हिरव्यांत जीएफपीचा प्रकाश शेजारच्या वाहिनीत डोकावतो.

वाट पक्की करायची असेल तर एपी-२ चं म्यू२ आणि एपी-१ चं म्यू१ए हे घटक एसआय-आरएनएने (ठरावीक जनुक गप्प करणारे छोटे आरएनए) कमी करून बघा. म्यू२ गेल्यावर सीडी४ परत यावं, म्यू१ए गेल्यावर एमएचसी-१. म्यू२ खरंच पुरेसं कमी झालं का हे ट्रान्सफेरिन आत जाणं थांबतं का यावरून कळतं.

सी उपप्रकाराचं नेफ घेताना

भारतातला एचआयव्ही-१ मुख्यतः सी उपप्रकाराचा आहे, आणि वर दिलेले क्रमांक एनएल४-३ चे, म्हणजे बी उपप्रकाराचे. रुग्णांकडून आलेल्या नेफमध्ये सुरुवातीच्या भागात काही अमिनो आम्लं जास्त किंवा कमी असतात, त्यामुळे १६४–१६५ वर ल्युसिनची जोडी सापडेलच असं नाही. आधी क्रम एनएल४-३ शेजारी मांडा, ग्लुटामिक आम्लानंतर तीन सोडून येणारी ल्युसिनची जोडी शोधा, आणि म्युटंटचे प्रायमर त्यावरून काढा. तसंच वेस्टर्नवरची नेफ अँटिबॉडी बहुधा बी उपप्रकारावर तयार झालेली असते. सी उपप्रकाराच्या नेफचा पट्टा फिका दिसला तर प्रथिन कमी आहे की अँटिबॉडी कमी धरते हे कळत नाही. शेवटच्या टोकाला छोटा एचए टॅग लावलेली दोन्ही नेफ शेजारी-शेजारी चालवली की ही शंका मिटते.